फाफड्याचे दात

दिवाळीच्या सुट्टीपासून आमच्या घरी कुत्र्याचे एक पिल्लू आहे. गल्लीतल्याच कुत्रीचे, गावठी, बिस्किटी रंगाचे आणि तेव्हा इतके लांबट नि सडपातळ होते की मुलांनी त्याचे नाव फाफडा ठेवून टाकले. आजींना हे नाव पसंत नाही. त्या त्याला बंड्या म्हणतात. तो दोन्ही नावांकडे सारखेच दुर्लक्ष करतो. गेल्या पालकसभेला चार-पाच जणांनी आम्हांला एकच प्रश्न विचारला, "पिल्लाला चावायला काय देता हो?" बडोद्यात आता बऱ्याच मराठी घरांतून पिल्ले दिसू लागली आहेत, तेव्हा एकेकाला सांगण्यापेक्षा येथेच लिहावे असे ठरले.

आधी दातांविषयी. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ४२ दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात. आपल्या तान्ह्या बाळाला दात येताना ते जसे हाताला लागेल ते तोंडात घालते, तसेच हेही. आमच्या घरात पायपुसणे, केरसुणी, रेडिओची वायर आणि संगीताच्या वहीचा यमन रागापर्यंतचा भाग एवढे पहिल्या महिन्यात संपले. (वायर त्या वेळी बोर्डातून काढलेली होती. आता घरातली प्रत्येक वायर कमरेच्या वर गेली आहे.) चावणे हा त्याचा द्वाडपणा नव्हे, गरज आहे. म्हणून "चावू नकोस" हे वाक्य निरुपयोगी ठरते. "हे चाव" असे म्हणून काहीतरी पुढे ठेवावे लागते, आणि ते काहीतरी काय असावे इथेच सगळा प्रश्न आहे.

हा प्रश्न आम्ही इतका मनावर का घेतला, त्याला कारण आहे. मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या घरातल्या मोठ्या कुत्र्याने केसर आंब्याची कोय गिळली. दोन दिवस तो नुसता ओकत होता. तिसऱ्या दिवशी पाणीही पोटात ठरेना. कोय लहान आतड्यात अडकली होती. शस्त्रक्रिया झाली, आतड्याचा काही भाग कापून काढावा लागला. कुत्रा वाचला, पण त्या घरातला नववीतला मुलगा दोन रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून होता, ते आम्ही पाहिले आहे. खेळणे काय आणि कोय काय, गिळता येईल एवढ्या आकाराची आणि पोटात न विरघळणारी कोणतीही वस्तू हेच करू शकते.

तेव्हा पहिली गोष्ट आकाराची. खेळणे पिल्लाच्या तोंडात पुरते मावता कामा नये. त्यात गोम अशी की पिल्लू वाढते आणि खेळणे तेवढेच राहते. दोन महिन्यांच्या फाफड्याला मोठा वाटणारा चेंडू पाच महिन्यांच्या फाफड्याच्या घशाशी जाईल इतका लहान झाला. दर पंधरा दिवसांनी आम्ही खेळण्यांचा डबा उपडा करून बघतो. पोकळ चेंडूला एकच भोक असेल तर तोही नको. आतली हवा ओढली जाऊन जीभ त्यात अडकते. दोन भोके असली म्हणजे हवा खेळती राहते.

दुसरी गोष्ट कठीणपणाची. आमच्या पशुवैद्य डॉक्टरांनी दोन सोप्या परीक्षा सांगितल्या. खेळण्यावर अंगठ्याचे नख दाबावे, थोडी तरी खूण उमटली पाहिजे. मग तेच खेळणे आपल्या गुडघ्यावर मारून पाहावे. आपल्याला लागले, तर ते त्याच्या दातांनाही जास्त आहे. बाजारातले शिंग, खूर, खरे हाड, कडक नायलॉनचे हाड यांतले बरेच काही या परीक्षेत नापास होते. अशा वस्तूंनी वरचा मोठा दाढेचा दात उभा चिरतो आणि कुत्रा बिचारा सांगतही नाही, फक्त एका बाजूने खाऊ लागतो. शिजवलेली हाडे तर मुळीच नकोत, त्यांच्या अणकुचीदार कपच्या होतात. धाकट्याने दुकानात दहा-बारा खेळणी गुडघ्यावर आपटून पाहिली तेव्हा दुकानदार आधी रागावले. मग त्यांनीच एक आपटून पाहिले आणि गप्प राहिले.

वेष्टनावर 'बिनविषारी' असे छापलेले असते, त्यावर फार विसंबू नये. आपल्याकडे १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. हा नियम मुलांच्या खेळण्यांचा, कुत्र्यांच्या खेळण्यांचा नव्हे. म्हणजे इथे परीक्षक आपणच. उग्र वास येणारे, हाताला रंग लागणारे खेळणे आम्ही परत ठेवतो. आणि मुलांचे चिन्ह असलेले खेळणेही कुत्र्याला चालेलच असे नाही. बाहुलीचे बटणाचे डोळे, गाडीची चाके, आवाज करणाऱ्या खेळण्यातली शिट्टी, हे सगळे तो पाच मिनिटांत वेगळे करतो. बटणासारखा सेल असलेली वस्तू तर त्याच्या आसपासही नको. आजींचे कानाचे यंत्र त्यामुळे देवघराच्या वरच्या फडताळात गेले आहे आणि "देवापेक्षा उंच ठेवलंत मला" असे त्या म्हणतात.

कातड्याच्या हाडावरून घरात थोडे वाजले. दुकानात पांढऱ्या दोरीसारखी गाठ मारलेली हाडे मिळतात, ती जनावराच्या कातड्याची असतात. आजींनी पिशवीतून ते बाहेर निघताच "हे घरात नको" असे सांगितले. त्यांचे कारण सोवळ्याचे. डॉक्टरांनीही नकोच सांगितले. त्यांचे कारण असे की चावून मऊ झालेला मोठा तुकडा गिळला जातो, घशात अडकतो किंवा पोटात फुगतो. दोन टोकांच्या कारणांचे एका जागी जमले, असे आमच्या घरी क्वचितच होते. मग शाकाहारी म्हणून नेपाळकडची दुधाची कडक छुर्पी कोणी सुचवली. गुडघ्याच्या परीक्षेत ती पहिल्याच फटक्यात नापास झाली.

शेवटी उपयोगी पडले ते पोकळ रबरी खेळणे, तीन चेंडू एकावर एक बसवल्यासारखे दिसते ते. त्याची जन्मकथा मुलांना फार आवडली. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत जो मार्कहॅम नावाचे गृहस्थ होते. त्यांचा फ्रिट्झ हा जर्मन शेफर्ड कुत्रा दगड चावून दात झिजवीत असे. १९७०च्या दशकात एकदा ते आपली फोक्सवॅगन व्हॅन दुरुस्त करीत असताना तिच्या सस्पेन्शनचा एक रबरी भाग फ्रिट्झने उचलला आणि दगड सोडून तोच चावत बसला. त्यावरून त्यांनी तसे खेळणे बनवले. एक मित्र थट्टेने म्हणाला, हा तर किंग काँगच्या कानातला बोळा दिसतो, आणि 'काँग' हे नाव पडले. पिल्लांसाठी त्याचे रबर मऊ असते, मोठ्या कुत्र्यांचे टणक, तेव्हा घेताना बघून घ्यावे. पोकळीत आम्ही दहीभात किंवा कुस्करलेली पोळी भरून थोडे गार करतो. अर्धा तास घर शांत! भरताना कांदा-लसूण नको, आणि प्रसादाचा शिरा तर नकोच, कारण त्यातले बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे बिघडवतात. शेंगदाण्याचे लोणी भरणाऱ्यांनी डब्यावर झायलिटॉल हा शब्द शोधावा. असेल तर ते कुत्र्याला विष आहे.

पैसे खर्चायचेच असे नाही. थंडीत आम्ही जाड लाल गाजर अख्खे गार करून देत होतो आणि लहान बुंधा उरला की काढून घेत होतो. जुन्या पंचाची पट्टी ओली करून, गाठ मारून, बर्फाच्या कप्प्यात ठेवली की ठणकणाऱ्या हिरडीला आराम पडतो. मात्र कोणी समोर बसलेले असले तरच, कारण धागे सुटतात. जुनी चप्पल देऊ नये. जुनी कोणती आणि नवी कोणती हे त्याला कसे कळावे?

धाग्याबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण आपण बडोद्यात राहतो. उत्तरायणानंतर पंधरा दिवस गच्चीवर, अंगणात, झाडाखाली मांजाच मांजा असतो. गिळलेल्या धाग्याचे एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकते, दुसरे पुढे सरकत राहते. नाडी ओढल्यावर लेंग्याला चुण्या पडतात ना, तसे आतडे गोळा होते आणि ताणलेला धागा त्याला कापत जातो. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी तो गच्चीवर येऊन पडतोच. या जानेवारीत घरातले सगळे रोज सकाळी फाफड्याच्या आधी गच्चीवर जाऊन धागा वेचत होतो. पिल्लाच्या तोंडातून किंवा मागून धागा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, तसाच दवाखाना गाठायचा. दोरीचे खेळणेही विस्कटू लागले की टाकून द्यायचे ते याच कारणाने. आणि काही गिळले असा संशय आला तर मीठपाणी पाजून घरी ओकारी काढू नये, मिठानेच जीव जायची भीती असते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक खास गोष्ट. पिल्लाच्या तोंडात तुमचा खोडरबर किंवा पेनाचे टोपण दिसले की मागे धावू नका. धावलात की तो ते घाईने गिळतो. पोळीचा तुकडा नाकाशी धरा, तो तोंड उघडतो, वस्तू खाली पडते, सौदा पुरा. आमच्या दुसरीतल्या धाकट्याने हे मोठ्यांच्या आधी साधले. शाळेच्या फाटकाजवळच्या पिल्लांना बाटलीची झाकणे खेळायला टाकणेही सोडा. आणि खेळता खेळता दात किंवा नखे लागलीच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि घरी सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. रेबीजची लस वेळेत घ्यावी लागते, ती डॉक्टर ठरवतील.

फाफड्याचे ४२ दात आता पुरे आले आहेत. पडलेल्यांपैकी एक मोठीच्या कंपासपेटीत आहे, बाकीचे बहुधा त्याच्याच पोटातून गेले, त्याने काही बिघडत नाही. आता आंब्याचे दिवस आले. झाकण पायाने उघडणारी कचऱ्याची बादली आणली आहे, पण आजींचा तिच्यावर विश्वास नाही. रस झाल्यावर त्या परातीतल्या कोया मोजतात, बादलीत टाकताना पुन्हा मोजतात, आणि आकडा जुळेपर्यंत कोणी पाटावरून उठायचे नाही. परवा एक कमी भरली. ती धाकट्याच्या ताटाखाली निघाली.