कुकडीचे रांजण

दौंडास भीमा ओलांडून शिरुराकडे जातांना डोळ्यांस भुरळ घालील असा डोंगर वाटेंत लागत नाहीं. उसाचे मळे आणि करडे माळ हेच आळीपाळीनें दिसत राहतात. या माळांच्या पोटांत काय आहे तें पाहावयाचें, तर शिरुराच्या वायव्येस टाकळी हाजीस जावें. पलीकडच्या तीरावर अहिल्यानगर जिल्ह्यांतील निघोज, आणि मधून वाहणाऱ्या कुकडीनें काळ्या पाषाणांत कोरलेले लहानमोठे रांजणखळगे! मळगंगेचें दर्शन घेऊन आम्ही पात्रांत उतरलों, तेव्हां पाणी आटलें होतें. पुराच्या भोवऱ्यांत सांपडलेले गोटे एकाच जागीं गरगर फिरतात आणि जात्यासारखे खडकास घांसतात. हें दळण हजारों वर्षें चाललें आहे.

हा पाषाण म्हणजे बेसाल्ट. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीस भेगा पडून शिलारस वर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा दुसरा लोट आला. असे थरावर थर चढले. शिलारस थिजून होणारे ते सर्व अग्निजन्य खडक. पण तो कोठें थिजला यावरून त्यांची जात ठरते. पाक सावकाश निवाला म्हणजे खडीसाखरेचे खडे मोठे होतात, घाईनें आटवून घोटला म्हणजे बारीक बुरा होतो, हें गृहिणींस सांगावयास नको. भूगर्भांत खोल, धिमेपणानें निवालेल्या ग्रॅनाइटाचे कण म्हणूनच डोळ्यांस वेगवेगळे दिसतात. उघड्यावर निवालेल्या बेसाल्टाचे दिसत नाहींत. दुसरी कसोटी सिलिकेची, म्हणजे वाळूंतील मुख्य द्रव्याची. ग्रॅनाइटांत तें शेंकडा ७० च्या आसपास, बेसाल्टांत ५० च्या. सिलिका कमी म्हणून हा रस पातळ, आणि पातळ म्हणून दूरवर पसरला.

ग्रंथांतील हें वर्गीकरण ठीकच आहे. परंतु या दोन तालुक्यांत, जेथें पाऊस बेताचा, तेथें विहीर खणणाराचें वर्गीकरण अधिक मोलाचें, असें आम्हांस वाटतें. अखंड व घट्ट तो काळा पाषाण. वायूच्या बुडबुड्यांनीं सच्छिद्र झालेला आणि त्या छिद्रांत पांढरे खडे भरलेला तो मांजऱ्या. झिजून भुसभुशीत झालेला तो मुरूम. पाणी राहतें मुरमांत, झिजलेल्या मांजऱ्यांत आणि दोन थरांच्या सांध्यांत. काळ्या पाषाणास भेग नसेल तर सुरुंगामागून सुरुंग उडवूनही थेंब लागत नाहीं, आणि विहिरीसाठीं काढलेलें कर्ज मात्र फेडावें लागतें. शेजाऱ्याच्या विहिरीवरून आपला अंदाज बांधणेंही धोक्याचें, कारण थर व भेगा शेतागणिक बदलतात. हल्लीं कूपनलिका खोल नेण्याची ईर्ष्या लागली आहे. पण खोल जावें तसें पाणी वाढावें, असा या खडकाचा नियम नाहीं. खालीं भेगा बहुधा मिटत जातात.

विहिरीचा विचार करणाऱ्यानें कुकडीच्या उघड्या काठावर हे खडक एकदां तरी निरखावे. पावसाळ्यांत मात्र पात्रांत उतरूं नये. पाषाण निसरडा, आणि रांजणाची खोली वरून कळत नाहीं.