मदतीचा हिशेब : हिवरे बाजारच्या वाटेवर

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर. या शहरातील आडते बाजार आणि दाळमंडई या जुन्या पेठांत गिऱ्हाईक कमी असले की गप्पांत एक विषय हमखास निघतो. ‘सरकार खेड्यांना सगळे फुकट वाटते आणि कर मात्र पेठेने भरायचा’, हे त्या गप्पांचे पालुपद. त्याच पेठेत भुसार घालून परत निघालेला शेतकरी एस.टी.त बसला की नेमके उलट बोलतो : ‘शहरातल्यांना काय, तोटी फिरवली की पाणी!’ दोन्ही तक्रारी जुन्या आहेत आणि दोन्हींत थोडे थोडे तथ्यही आहे. त्यांचा ताळा करून पाहायचा असेल, तर शहराच्या पश्चिमेस सुमारे १७ किलोमीटरवर, जखणगावच्या पुढे असलेल्या हिवरे बाजारपर्यंत जाऊन यावे.

हा प्रदेश पर्जन्यछायेचा. वर्षाचा पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास आणि तोही बेभरवशाचा. वाटेत उघडेबोडके माळ दिसतात. गाव जवळ आले की डोंगरउतारावर समतल चर आणि झाडी दिसू लागते. पावसाळ्यानंतर गेलेल्या प्रवाशास हिरवी शिवारे आणि भरलेल्या विहिरी पाहून हे गाव कधी काळी टँकरच्या आणि मजुरीच्या शोधात होते, यावर विश्वास बसत नाही. परंतु १९७२ च्या दुष्काळानंतर येथील अनेक कुटुंबांनी घरांना कुलपे लावून पोटासाठी शहर गाठले होते. उरलेल्यांत दारू आणि भांडणे बोकाळली होती. १९८९ साली वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले पोपटराव पवार सरपंच झाले आणि तेथून गावाच्या खात्याचे नवे पान उघडले. पुढे २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

हिवरे बाजारचे नाव निघाले की ‘स्वावलंबी गाव’ असे कौतुक होते. त्यामुळे शहरातून आलेल्या पाहुण्याची अशी समजूत होते, की या गावाने सरकारचा पैसा नाकारून सर्व काही स्वबळावर केले. वस्तुस्थिती तशी नाही. चर खणणे, बांध घालणे, झाडे लावणे या कामांना शासकीय योजनांचाच निधी लागला. राज्य सरकारने १९९२ साली आदर्श गाव योजना सुरू केली, तिच्यातही हे गाव सामील झाले. शेजारच्या अनेक गावांनाही याच योजनांची दारे उघडी होती. मग फरक कोठे पडला?

फरक पडला तो मदत घेण्यापूर्वी गावाने स्वतःवर घालून घेतलेल्या अटींत. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी अशी ती सूत्रे. पुढे त्यांत लोटाबंदी आणि शेतीसाठी बोअरवेल घेण्यास बंदी यांची भर पडली. उसासारखी पाणी पिणारी पिके गावाने वर्ज्य केली. गावाबाहेरच्या माणसास जमीन विकायची नाही, असेही ठरले. पावसाळा संपला की पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. प्रथम माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी, नंतर इतर वापर, आणि शिल्लक राहील त्यावरून रब्बीचे पीक. जमेपेक्षा खर्च जास्त होऊ द्यायचा नाही, हा नियम पेढीवर बसणाऱ्यास वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

१९९५ साली या गावातील १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. २०१० च्या सुमारास ती संख्या ३ वर आली. पोटासाठी बाहेर गेलेली कित्येक कुटुंबे गावी परतली. मात्र या यशाची किंमत सर्वांनी सारखी मोजली, असे म्हणता येणार नाही. चराईबंदीचा पहिला फटका चार शेळ्यांवर गुजराण करणाऱ्या घराला बसतो, बागाईतदाराला नव्हे. गवत कापून नेण्याची मुभा होती, तरी कापणारे हात घरात हवेत. जमीन बाहेर विकता येत नाही, तेव्हा अडीअडचणीच्या वेळी तिला चांगला भावही येत नाही. स्वावलंबन हा शब्द सभेत गोड वाटतो. घरात तो मन मारून पाळावा लागतो.

आता पेठेच्या तक्रारीकडे वळू. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लक्षावधी माणसे खडी फोडून, रस्ते व पाझर तलावांच्या कामांवर राबून जगली. त्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना आकारास आली. १९७७ साली तिचा कायदा संमत झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. केंद्र सरकारच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्यापुढे हेच उदाहरण होते. या योजनेसाठी पैसा उभा करण्याकरिता १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. पगारदाराच्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, ते याच कराचे. व्यापारीही वर्षाला २,५०० रुपये भरतो. दुकानाच्या मालमत्ता कराच्या बिलात ‘रोजगार हमी कर’ असा रकाना असतो. तो भरणारे पुष्कळ, वाचणारे थोडे.

म्हणजे पेठ म्हणते ते खरे : खेड्यातल्या कामासाठी शहराने पैसा दिला. परंतु तो फुकट गेला नाही. उन्हात माती उपसल्याशिवाय त्यातला रुपयाही मजुराच्या हाती पडत नाही. दुष्काळात खेड्यातला माणूस तगला, म्हणून पुढच्या हंगामात भुसार बाजारात माल आला आणि सणाला कापडाची खरेदी झाली. ती रक्कम पेठेच्या वहीत धर्मादाय म्हणून लिहिणे चुकीचे. तिला धंद्यातली गुंतवणूक म्हणणे अधिक योग्य.

शहरालाही मदत मिळते, केवळ तिला मदत म्हणण्याची पद्धत नाही. अहिल्यानगरच्या नळांना पाणी येते ते मुळा धरणातून. ते धरण सरकारी पैशाने बांधले गेले आणि त्याच्या पोटात शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. खेड्यातल्या लाभार्थ्याचे नाव यादीत लागते, चावडीवर वाचले जाते. त्याला रांगेत उभे राहावे लागते. शहराची मदत जमिनीखालच्या नळातून मुकाट्याने येते, म्हणून घेणाऱ्यास आपण स्वबळावर उभे आहोत असे वाटत राहते.

हिवरे बाजारहून परतणाऱ्या पाहुण्यास गावकरी आपला पाण्याचा ताळेबंद दाखवतात. आपल्या घरी, आपल्या सोसायटीत वर्षाला किती पाणी येते, किती वापरले जाते आणि किती वाया जाते, याचे आकडे शहरातल्या किती कुटुंबांना ठाऊक असतील? ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या रोजमेळ जुळल्याशिवाय दुकान बंद केले नाही, त्याला हे काम अवघड नाही. येत्या दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी पाणीपट्टी आणि मालमत्ता कराची दोन बिले बाहेर काढावीत, घरातल्या मुलांना शेजारी बसवावे आणि ती रकाना-रकाना वाचून पाहावीत. कोण कोणास किती देणे लागतो, याचा वाद त्यानंतर करावा.