घरची बोली आणि शाळेची भाषा

मुलास मातृभाषेंतून शिकवावें, हें तत्त्व आतां बहुतेकांस मान्य झालें आहे. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें तें शक्य तोंवर पाळावें असें सांगितलें, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें त्यास दुजोरा दिला. परंतु मुलाची मातृभाषा कोणती, हा प्रश्न आपण सुशिक्षित मंडळी क्वचितच विचारतों. मराठी मूल मराठी शाळेंत बसलें कीं आपलें काम संपलें, अशी आपली समजूत असते.

मी अंधेरीस राहतों. वेसाव्याचा कोळीवाडा, मरोळचें गांवठाण आणि आरे वसाहतींतील वारल्यांचे पाडे, हीं सारीं माझ्या फिरण्याच्या टापूंत येतात. उपनगरें म्हणून आपण ज्यांस ओळखतों, तो जुना साष्टीचा मुलूख होय. कोळी, आगरी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती व वारली हे येथले जुने रहिवासी. आपण आगगाडीच्या मागून आलों. ग्रिअर्सनसाहेबांनीं भाषापाहणीचा मराठीवरील खंड १९०५ सालीं प्रसिद्ध केला, त्यांत या लोकांच्या बोलींची नोंद आहे. शाळेच्या हजेरीपटावर मात्र त्या सर्वांची भाषा एकच: मराठी.

एका शेजारणीच्या मुलाची वही मध्यंतरीं माझ्या हातीं आली. मूल दुसरींतलें, घर कोळ्याचें. ‘पानी’, ‘डोला’, ‘गारी’ अशा शब्दांवर तांबड्या रेघा ओढल्या होत्या. मीं नीट पाहिलें, तों ‘ण’च्या जागीं ‘न’, ‘ळ’च्या जागीं ‘ल’ आणि शब्दामधल्या ‘ड’च्या जागीं ‘र’, हा नेम त्यानें कोठेंही मोडलेला नव्हता. चुकणारें मूल इतक्या नेमानें चुकत नसतें. त्यानें आपल्या आजीचें व्याकरण तंतोतंत पाळलें होतें, आणि त्याबद्दल त्याचे गुण कापले गेले होते. वर्गांत तो बोलत नाहीं, अशी तक्रारही होती. कारण विचारतां, मुलें हंसतात, एवढेंच तो म्हणाला.

असें इतरत्रही घडतें. दक्षिण आफ्रिकेंत मिशनऱ्यांनीं १८२३ पासून खोसा भाषा छापावयास घेतली आणि त्यांच्या ठाण्यांभोवतालची बोली प्रमाण ठरली. म्पोंडो किंवा भाका बोलणाऱ्या घरचीं मुलें तेथें मातृभाषेच्याच तासाला परकीं होतात.

मीं हें बोलून दाखवितांच त्या मुलाची आई म्हणाली, “घरचं त्याला येतंच, भाऊ. शाळेंत शाळेचंच शिकूं द्या.” तिचें म्हणणें खोटें नाहीं. परीक्षा, अर्ज आणि नोकरी यांचा दरवाजा प्रमाण भाषेच्याच किल्लीनें उघडतो. ती किल्ली गरिबाच्या मुलाला नाकारणें हा अन्याय होईल. माझा आक्षेप प्रमाण मराठी शिकविण्यास नाहीं. घरच्या बोलीची लाज शिकविण्यास आहे.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ मध्यें बोर्डीस बालशिक्षणाचें काम आरंभिलें आणि पुढें तें कोसबाडला नेलें. आदिवासी मूल शाळेंत येत नाहीं, तर शाळाच त्याच्या अंगणांत जावी, गुरें राखणाऱ्यांसाठीं कुरणांत भरावी, असा त्यांचा बाणा होता. शाळा जर कुरणापर्यंत चालत जाऊं शकते, तर मास्तरांच्या कानानें मुलाच्या शब्दापर्यंत जाणें अशक्य कां असावें? प्रत्येक बोलीचें पाठ्यपुस्तक छापावें, असें मी म्हणत नाहीं. पहिलीं दोन वर्षें ‘पानी’वर रेघ न ओढतां शेजारीं ‘पाणी’ लिहावें, आणि हे दोन्ही शब्द तुझेच, असें मुलाला सांगावें. यास पैसा लागत नाहीं. शिक्षकाला चार दिवस ऐकून घेण्याची संवय लागते.

मराठीस २०२४ सालीं अभिजात भाषेचा मान मिळाला, तेव्हां आपण सर्वांनीं पेढे वांटले. पण आजीशीं ज्या शब्दांत बोलावयाचें त्यांचीच लाज ज्याच्या मनांत बसली, तें मूल एक दिवस आजीशीं बोलणें कमी करतें. पुढें तें इंग्रजींतून मोठा हुद्दा मिळवील. मग मराठीची आठवण त्यानें कोणासाठीं ठेवावी?