बारीक टाइपातली शार्लोट

नोंदी ठेवायचं एखादं ॲप वापरणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी निकलस लुहमानची गोष्ट ऐकावी लागते. जर्मन समाजशास्त्रज्ञ, क्रमांकांनी एकमेकींना जोडलेल्या सुमारे ९०,००० चिठ्ठ्या, आणि त्यातून निघालेली पुस्तकांची रास. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना ही गोष्ट फार आवडते, कारण तिच्यात एक माणूस आणि त्याची यंत्रणा एवढंच असतं. मी त्या चिठ्ठ्यांच्या मागे वाचत गेले आणि पोचले भलत्याच कार्डांपाशी. ही कार्डं भरणारी एक होती आणि पुस्तकावर नाव दुसऱ्याचं.

पुस्तकावरचं नाव कार्ल बार्ट. विसाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट ईश्वरशास्त्रात त्याला वगळून पुढे जाता येत नाही. जन्म १८८६, बाझल. १९११ ते १९२१ तो साफेनविल नावाच्या स्विस गावात पाळक होता; गावात कारखाने, आणि हा पाळक मजुरांच्या बाजूचा. तिथे असतानाच त्याने ‘रोमकरांस पत्र’ या बायबलमधल्या पुस्तकावर भाष्य लिहिलं. १९२२च्या दुसऱ्या आवृत्तीत ते जवळजवळ नव्याने लिहून काढलं. डॉक्टरेट नसताना गटिंगेनमध्ये प्राध्यापकी मिळाली, मग म्युन्स्टर, मग बॉन. १९३४च्या मे महिन्यात नाझींच्या कह्यात जाणाऱ्या चर्चविरुद्ध बार्मेनला जो जाहीरनामा मंजूर झाला, त्याचा मसुदा मुख्यतः त्याचा. हिटलरशी निष्ठेची शपथ बिनशर्त घ्यायला त्याने नकार दिला आणि १९३५मध्ये जर्मनीतली नोकरी गेली. बाझलने लगेच बोलावून घेतलं. १९६२पर्यंत तो तिथेच शिकवत होता.

त्याचं मोठं काम म्हणजे ‘चर्च डॉग्मॅटिक्स’. १९३२ ते १९६७, तेरा जाडजूड ग्रंथ, नऊ हजारांच्या आसपास पानं, आणि तरीही अपुरं. मी ते सगळं वाचलेलं नाही, वाचेन असंही वाटत नाही. पण पान उघडलं की एक गोष्ट लगेच दिसते. मुख्य युक्तिवाद मोठ्या टाइपात चालतो, आणि मध्येच पानंच्या पानं बारीक टाइप सुरू होतो. ल्यूथर काय म्हणाला, ऑगस्टीन काय म्हणाला, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ काय. बार्ट एकटा एवढं कसं वाचत होता, या प्रश्नाचं उत्तर त्या बारीक टाइपात आहे.

शार्लोट फॉन किर्शबाउमचा जन्म १८९९चा. वडील जर्मन सैन्यात अधिकारी, पहिल्या महायुद्धात मारले गेले. ती शिकून नर्स झाली. १९२४मध्ये झुरिकच्या तळ्याकाठी एका स्नेह्यांच्या उन्हाळी घरी तिची आणि बार्टची भेट झाली. तोवर बार्टच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. बायको नेली, व्हायोलिन वाजवणारी. शार्लोट टंकलेखन शिकली, लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकली आणि १९२९च्या ऑक्टोबरमध्ये बार्टच्या घरी राहायला आली. पुढची ३५हून अधिक वर्षं ती त्या घरातून गेली नाही. नेलीही गेली नाही. घटस्फोटाची गोष्ट निघाली आणि बारगळली. पाच मुलं त्या तीन मोठ्या माणसांमध्ये वाढली.

ती काय करत असे? पत्रव्यवहार सांभाळायचा, हस्तलिखितं टंकित करायची, ग्रंथ वाचून उतारे कार्डांवर काढायचे, मसुद्यावर वाद घालायचा. युद्धकाळात स्वित्झर्लंडमधल्या ‘मुक्त जर्मनी’ चळवळीतही तिने काम केलं. बायबलमधल्या स्त्रीविषयी तिचं स्वतःचं पुस्तक १९४९मध्ये आलं. विद्यापीठाच्या पगारपत्रकावर मात्र ती कधीच नव्हती. एका खंडाच्या प्रस्तावनेत बार्टने कबूल केलंय, की या कामात तिने आपलं आयुष्य आणि शक्ती त्याच्यापेक्षा कमी घातलेली नाही. मुखपृष्ठावर अर्थातच एकच नाव.

आमच्याकडे गिट नावाची जी व्यवस्था आहे, ती प्रत्येक बदलासोबत दोन नावं ठेवते: कोड ज्याने लिहिला तो, आणि तो साठ्यात ज्याने घातला तो. बहुतेक वेळा दोन्ही नावं एकच असतात, म्हणून कुणी तिकडे बघत नाही. किर्शबाउमबद्दल अभ्यासक भांडतात ते अशाच दोन नावांवरून: बारीक टाइपातला किती भाग तिचा, मोठ्या टाइपातही तिचा हात आहे का. मला ही टक्केवारी निघेलसं वाटत नाही. एकाच घरात रोज सकाळ-संध्याकाळ चाललेलं बोलणं कुठल्या कार्डावर उतरणार?

बार्ट १९६८मध्ये गेला. १९७१मध्ये बाझलच्या ब्रुडरहोल्त्झ भागातल्या त्याच्या शेवटच्या घरात कार्ल बार्ट संग्रह उभा राहिला. हस्तलिखितं, व्याख्यानं, प्रवचनं, पत्रं. त्याच वर्षापासून समग्र साहित्याचे खंड छापले जाऊ लागले. नाव त्याचं, म्हणून तिचे कागदही त्याच्याच नावाखाली. घरातल्या तिघांचं नातं जवळच्या सगळ्यांना माहीत होतं, पण त्याची चर्चा दबक्या आवाजात व्हायची. मग मुलांच्या संमतीने दोघांच्या १९२५ ते १९३५ या काळातल्या पत्रांचा खंड २००८मध्ये छापून आला. ती प्रेमपत्रं आहेत, त्यात संदिग्ध काही नाही. आईचं दुःख ज्यांनी जेवणाच्या टेबलावर पाहिलं, त्या मुलांनीच हा निर्णय घ्यावा, याचं मला फार वाटतं. तो कागद जाळून टाकणं त्यांच्या हातात होतं.

आता १९५१चा खंड घ्या. त्यात विवाहाबद्दल प्रदीर्घ विवेचन आहे. विवाह दोघांचाच, आणि स्त्री-पुरुषात एक क्रम आहे: पुरुष आधी, स्त्री त्याच्यामागून. हे लिहिलं जात होतं त्या घरात जेवायला दोन बायका बसत होत्या, आणि मजकूर सिद्ध करायला त्यातल्या एकीची मदत होती. काही वाचकांना त्यामुळे सगळे तेरा ग्रंथ ढोंग वाटतात. मला तसं वाटत नाही. बार्मेनचा जाहीरनामा या पत्रांमुळे एका ओळीनेही खोटा ठरत नाही. पण विवाहावरची ती पानं आता पत्रांशिवाय वाचता येणार नाहीत, आणि यायलाही नकोत. बार्टला हे कळत नव्हतं असंही नाही. आयुष्यातलं सर्वात मोठं ऐहिक देणं आणि आपल्यावरचा सर्वात कठोर निवाडा ही एकच गोष्ट आहे, अशा अर्थाचं त्याने १९४७मध्ये एका पत्रात लिहिलंय. कळणं आणि निस्तरणं यात फरक असतो, आणि निस्तरण्याचं काम बहुतेक नेलीकडे आलं.

साठीनंतर शार्लोटला विस्मृतीने गाठलं. १९६६मध्ये तिला बाझलजवळच्या रीहेनमधल्या शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. त्यानंतर मोठ्या ग्रंथाचा फक्त एक तुकडा बाहेर आला, १९६७मध्ये, तोही आधी दिलेल्या व्याख्यानांवरून. बार्ट दर रविवारी तिला भेटायला जायचा. तो गेल्यावर नेली जात राहिली. दोघी काय बोलत असतील, किंवा एकीला आठवत नसताना दुसरी काय बोलत असेल, ते कुठल्याच खोक्यात नाही.

शार्लोट १९७५मध्ये गेली, नेली १९७६मध्ये. हर्नलीच्या दफनभूमीत कुटुंबाच्या थडग्यात शार्लोटला जागा द्यायला नेलीने होकार दिला. तिथल्या दगडावर तिन्ही नावं आहेत.