समासातलं प्रश्नचिन्ह

आमच्या गल्लीतल्या छापखान्याचा ट्रेडल गेल्या महिन्यात भंगारात गेला. चौघांनी पहारी लावून तो टेम्पोत चढवला. जाताना रस्त्यावर एक काळा ओघळ पडला, त्याला रॉकेल आणि शाईचा वास होता. आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, सदऱ्यांना हाच वास यायचा. आई ते सदरे कायम वेगळे धुवायची. प्रेस बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, त्या जागी आता मोबाईलच्या कव्हरांचं दुकान येणार म्हणतात. मी गॅलरीत उभी राहून वास घेत होते आणि शेजारीण विचारत होती, सर्दी झालीय का म्हणून.

आण्णा तिथं कंपॉझिटर होते. शिक्षण सातवी. लग्नपत्रिका, तालमीच्या वर्गणीच्या पावत्या, उत्तरकार्याची कार्डं असली कामं असायची. त्यांची प्रुफं घरी यायची आणि त्यांचे पाठकोरे कागद शिवून आम्हा भावंडांच्या कच्च्या वह्या व्हायच्या. एका बाजूला कुणाचं तरी शुभमंगल, दुसऱ्या बाजूला माझा ‘सूर्य उगवला नाही तर’.

कच्चं आधी, पक्कं नंतर, हा आमच्या घरचा नियम. तो शाळेतून आला नव्हता, छपाईच्या खिळ्यांतून आला होता. हातानं जुळवलेल्या मजकुरात एक शब्द वाढला की ओळ फुटते, ओळ फुटली की पुढचा सगळा परिच्छेद खाली सरकतो आणि पानाच्या तळाशी एक ओळ जागा नसल्यासारखी बाहेर उभी राहते. मग आण्णा चिमट्यानं शब्दांमधल्या पातळ पट्ट्या कुठं काढत, कुठं घालत, ओळी आवळत बसायचे. एका शब्दासाठी अर्धा तास. म्हणून ज्या गिऱ्हाइकाला प्रुफावर नवीन काही सुचायचं, त्याच्यावर त्यांचा राग. “आदी सुचलं न्हाई व्हय ह्यांस्नी?”

प्रूफ ते खालच्या ओळीकडून वर वाचत. वरून वाचलं की अर्थ ओढून नेतो, मग चुकलेलं अक्षरसुद्धा बरोबर दिसतं, असं त्यांचं म्हणणं. माझे निबंध मात्र ते वरून वाचायचे. पहिल्या चार वाक्यांवर पेन्सिल आडवी ठेवून म्हणायचे, “हे खाकरनं झालं. आता बोल.” बहुतेक वेळा निबंध पाचव्या वाक्यालाच सुरू झालेला असायचा. पुढं इतकी वर्षं मी अकरावी-बारावीला मराठी शिकवलं, लेखनाच्या पद्धतींवरची पुस्तकंही चाळली. या चार वाक्यांच्या उपायापेक्षा उपयोगाचं त्यांत फारसं काही मिळालं नाही.

बी.ए.च्या पहिल्या वर्षी ट्युटोरियलला ‘रंकाळ्यावरची संध्याकाळ’ असा विषय आला. कोल्हापूरच्या पेठेतल्या पोरीला हा विषय म्हणजे परसातला. मी लिहिलं, ‘रंकाळ्याच्या निळ्याशार पाण्यात शालिनी पॅलेसचं प्रतिबिंब थरथरत होतं.’ आण्णांनी समासात एक बारीक प्रश्नचिन्ह काढलं. छापखान्यातली रीतच ती. लेखकाला विचारायचं असलं की दुरुस्ती करायची नाही, नुसतं प्रश्नचिन्ह काढून ठेवायचं.

“निळंशार कुठलं? हिरवं हाय की. मी पोहलोय त्यात.” आणि थोड्या वेळानं, “आनि म्हसरं कुठं गेली?”

म्हशी मी गाळल्या होत्या. निबंधात म्हशी शोभत नाहीत, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. तरी ते मला ठाऊक होतं. निळंशार तसंच ठेवून मी पक्कं लिहिलं.

वही परत आली तेव्हा ‘निळ्याशार’खाली कौतुकाची रेघ होती. आणि दोन परिच्छेद खाली, जिथं माझी आई देवळाला निघताना म्हणते, ‘मी जरा फिरंगाईला जाऊन येतो’, तिथं ‘येतो’भोवती लाल गोल, वर ‘येते’ आणि बाजूला ‘ग्राम्य’. वर्गात ते वाचूनही दाखवलं गेलं, आणि हसणाऱ्यांतल्या निम्म्या मुली घरी रोज ‘येतो, जातो’ म्हणणाऱ्या होत्या. कॉलेज कुठलं, सर कोण, ते विचारू नका. पण माझा राग अजून गेलेला नाही. निबंधातला खोटा शब्द पास झाला आणि खरा नापास. वर माझ्या आईचं वाक्य कुणी तरी दुरुस्त केलं, आणि ती तर वर्गात नव्हतीच.

खोटं असं बिनप्रश्न पास झालेलं मनात आलं की मला नेहमी 1882 साल आठवतं. त्याचा इथं थेट संबंध नाही, पण पेठेत राहणाऱ्याला कोल्हापूरच्या गादीचा विषय टाळता येत नाही. चौथे शिवाजी महाराज तेव्हा गादीवर होते, वयानं लहान. त्यांना वेड लागलंय असं सरकारदरबारी म्हणत. गावात मात्र बोलवा वेगळी होती, की दिवाण माधवराव बर्वे त्यांचा छळ करतात. टिळक-आगरकरांची ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही वर्तमानपत्रं जेमतेम वर्षभराची होती. त्यांनी आग ओकली. आधाराला पत्रं होती. बर्व्यांनी खटला भरला आणि कोर्टात ती पत्रं बनावट निघाली. टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली, 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून ते बाहेर आले. आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिलं, म्हणून 101 हा आकडा सगळ्यांना पाठ. पत्रांचं फारसं कुणी बोलत नाही.

त्या खटल्यासाठी पैसे उभे करायला इथल्या राजाराम कॉलेजच्या मुलांनी नाटक केलं. त्यात काम करणाऱ्या पोरांत एक गोपाळ कृष्ण गोखले. हाच मुलगा 1897 साली विलायतेत होता, वेल्बी कमिशनपुढं साक्ष द्यायला गेलेला. पुण्यात प्लेगच्या झडत्यांत गोऱ्या सोल्जरांनी बायकांवर अत्याचार केल्याची पत्रं त्याला मित्रांकडून आली. त्यानं ते विलायतेतल्या वर्तमानपत्रात बोलून टाकलं. पुरावा मागितला गेला तेव्हा हाती काहीच उभं राहिना, आणि पत्रं पाठवणाऱ्यांची नावं तो सांगेना. मुंबईला उतरल्यावर त्यानं बिनशर्त माफी मागितली. त्या माफीवरून पुण्यात त्याची छी-थू झाली.

या दोन्ही वेळच्या पत्रांचा मी पुष्कळ विचार केलाय. टिळक, आगरकर, गोखले, तिघांतल्या एकानंही जाणूनबुजून खोटं सांगितलं नव्हतं. त्यांना आधीच जे पटलेलं होतं, नेमकं तेच कुणीतरी लिहून धाडलं होतं, म्हणून त्यावर प्रश्नचिन्ह काढायचं कुणाला सुचलं नाही. गोखले पुढं फार मोजून बोलत, आकड्याशिवाय बोलत नसत असं म्हणतात. माझी समजूत अशी, की ती सवय त्या माफीनं लावली. इतिहासाच्या माणसांना हे पटणार नाही.

राजाराम कॉलेजचं निघालंच आहे, तर तिथं फारसी शिकवणाऱ्या कवी माधव जूलियनांचंही सांगते. 1925 साली त्यांनी फारसी-मराठी कोश केला. नंतर भाषाशुद्धीचा कैवार घेतला आणि आपल्याच जुन्या कवितेतले फारसी शब्द वेचून बदलायला बसले. इतकी कठोर दुरुस्ती मी दुसऱ्या कुणाची ऐकलेली नाही. मला मात्र ते शब्द होते तसेच बरे वाटतात. लाल गोल दुसऱ्यानं काढला तर राग तरी काढता येतो. इथं हात त्यांचाच.

हे सगळं आत्ता निघालं त्याला समोरच्या घरातली मुलगी कारण. तिला अमेरिकेत शिकायला जायचंय. तिथल्या शेकडो कॉलेजांना चालणारा एक सामाईक अर्ज असतो आणि त्याबरोबर निबंध जोडायचा, जास्तीत जास्त 650 शब्द. तिनं आणून दाखवला. लहानपणापासून नेतृत्वाची आवड, आव्हानांतून शिकले, समाजाला परत देणार. इंग्रजी इतकं गुळगुळीत की बोट ठेवायला जागा नाही. यंत्राकडून घासून घेतलं होतं, ते तिनंच सांगितलं.

मी म्हटलं, “कच्चं दाखव.”

कच्चं नव्हतंच. फोनवर लिहिलेलं खोडलं की मागं काही राहत नाही. आण्णांच्या प्रुफावर खोडलेला शब्दही वाचता यायचा, एखादा परत घेताही यायचा. तर कच्चं नाही म्हणून मी तिला नुसतं बोलायला लावलं. चहा झाला, दुसरा झाला, आणि मग ती आजीबद्दल बोलायला लागली. आजीचं माहेर मंगळवार पेठ, सासर शिवाजी पेठ. फुटबॉलला दोन पेठांचे संघ समोरासमोर आले की घरात सकाळपासून कुणी आजीशी बोलत नाही आणि आजीही कुणाशी बोलत नाही. त्या दिवशी ती जेवतसुद्धा नाही. सामना संपला की निकाल कुणी सांगायचा यावरून घरात चिठ्ठ्या टाकतात. ही पोर आठ वर्षांची असताना चिठ्ठी तिच्या नावानं निघाली होती. दारात उभी राहून तिला सांगायचं होतं, की आजी, तुझं माहेर हरलं.

“हे लिही,” मी म्हटलं. ती म्हणाली, “पण ह्यात लीडरशिप कुठाय?”

तरी लिहिलं तिनं, या वेळी वहीत. पहिली चार वाक्यं मी झाकली. पेठ म्हणजे काय हे परक्याला समजावायचं की नाही यावर आमचं भांडण झालं, आणि दोन शब्दांत सांगून भागवायचं ठरलं. मग माझ्या हातानं ‘आजी जेवत नाही’पाशी एक प्रश्नचिन्ह काढलं. कुणी बघितलंय? तिनं नव्हतं बघितलं. आईकडून ऐकलं होतं.

आजीला विचारायला आम्ही दोघी समोर गेलो. आजी कांदे निवडत होती.

“जेवत न्हाई कसं? भाकरी खातो की मी. भात तेवढा सोडतो.” आणि थोडं थांबून, “माज्याबद्दल लिवायचं तर मला इचारून लिवा.”

मग भाकरी घालायला हवी होती आणि 650 आधीच भरले होते. पोरीनं नेतृत्वाचं उरलेलं एकमेव वाक्य काढलं. तरी चार शब्द जास्तच होत होते.