क्षमा वेगळी, सही वेगळी

आपल्या समाजात लेकीचं घर मोडायला लागलं की आधी आईला कळतं, मग मामाला. मग जावयाकडे शब्द टाकू शकेल असा एखादा पाहुणा शोधला जातो, मग पंच बसतात. जवळपास कुठे महाराजांचा चातुर्मास असेल तर त्यांच्या पायांशीही जाऊन येतात. वकील सगळ्यात शेवटी. वकिलाकडे जाणं म्हणजे घराण्याची अब्रू चव्हाट्यावर मांडणं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. समजूत घालणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांच्या एका बैठकीनं सावरलेले संसार मी पाहिले आहेत. पण वकील आठवतो तोवर पुष्कळदा बाईची सही होऊन गेलेली असते, आणि माझं म्हणणं त्या सहीबद्दल आहे.

माझ्या मावसबहिणीची लेक दीड वर्ष आमच्या कडगंचीला माहेरी होती. (तिला विचारूनच लिहिते आहे.) सासर सोलापूरकडचं, पदरी सहा वर्षांचा मुलगा. चार बैठका झाल्या. चौथ्या बैठकीत बॉन्ड पेपर पुढे आला. दोघांच्या राजीखुशीनं फारकत, मुलीनं पोटगी मागायची नाही, दागिन्यांवर हक्क सांगायचा नाही, आणि मुलाला पाच वर्षं पूर्ण झाली म्हणून तो बापाकडे. नुकतीच क्षमावाणी झालेली. एक जाणते गृहस्थ मायेनं म्हणाले, "पोरी, क्षमा कर आणि सोडून दे. अपरिग्रह हाच आपला धर्म."

मी तिथेच बसले होते. अपरिग्रह हे व्रत आहे, आणि व्रत ज्याचं त्यानं घ्यायचं असतं. दुसऱ्याच्या वतीनं उपवास करता येतो का? जे हातात आलंच नाही त्याचा त्याग कसला? क्षमाही तशीच, ती मनानं करायची. कागदावर जी होते ती सही. क्षमा केली तरी लेकराची फी भरायची राहतेच. मी एवढंच म्हटलं, "कागद आठ दिवस आमच्याकडे राहू द्या. एकदा वकिलाला दाखवू."

बरं झालं दाखवला. बॉन्डवर लिहिलेल्या फारकतीनं आपलं लग्न मोडत नाही. तशी जुनी रूढी आपल्यात चालत आली आहे हे कोर्टात सिद्ध करता आलं तर गोष्ट वेगळी. नाहीतर घटस्फोट द्यायचा तो कोर्टानंच, 1955 च्या हिंदू विवाह कायद्याखाली. तो कायदा जैनांनाही लागू आहे, हे त्यातच लिहिलंय. तरी 2025 च्या फेब्रुवारीत इंदूरच्या कुटुंब न्यायालयानं म्हटलं, की 2014 पासून जैन अल्पसंख्याक ठरले, तेव्हा हा कायदा त्यांच्यासाठी नाही. मार्चमध्ये उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठानं तो निकाल फिरवला. म्हणून "आपल्याला तो कायदा नाही" असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

पण पहिला वकील गाठला तो भावानं, ओळखीतून. त्यानं सगळं भावाला विचारलं. मुलीकडे वळून एकदाच बोलला, "मारहाण लिहू, हुंडा लिहू, म्हणजे ते लवकर नमतील." पोरगी म्हणाली, "त्यांनी मारलं नाही. हुंडाही मागितला नाही. मला तिथं कुणी माणसात धरलं नाही, एवढंच." वकील हसला. जिन्यावरून उतरताना ती मला म्हणाली, "मावशी, खोटं लिहून मिळवलेलं मी पोराला कसं खाऊ घालू?"

दुसऱ्या वकीलबाई कलबुर्गीच्या, कानडी. मराठी मोडकीतोडकी, पण कान देऊन ऐकणाऱ्या. त्यांनी पहिल्यांदा भावाला म्हटलं, "अण्णा, तुम्ही जरा बाहेर बसा." फी भाऊ देणार असला तरी पक्षकार बहीण आहे, हे त्यांनी त्या एका वाक्यात सांगून टाकलं. मग पाऊण तास त्या फक्त विचारत होत्या. लग्न कधी, कुठे? शेवटचं एकत्र कुठे राहिलात? घर कधी सोडलं? मुलगा कोणत्या शाळेत? नवऱ्याची कमाई किती, कशावरून म्हणता? आणि शेवटी, "तुम्हाला स्वतःला काय हवंय?" दीड वर्षात हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता.

त्या दिवशी जे कळलं ते मैत्रिणींनो, तुमच्यासाठी मांडते. एक, बायकोला ती स्वतः राहते तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो, 2003 पासून कायद्यात तशी सोय आहे. आपल्या सीमेवरच्या लेकींना हे फार मोलाचं. आपण पोरी देतो अक्कलकोटला, उमरग्याला, लातूरला. नवऱ्यानं आधी तिकडे दावा लावला आणि तो इकडे आणायचा म्हटलं, तर राज्य बदलतं म्हणून थेट दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. दोन, पोटगी साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून धरावी, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये सांगितलंय. घर सोडल्या तारखेपासून नव्हे. म्हणजे पंचांपुढे घालवलेले ते दीड वर्ष हिशेबात येत नाही. त्याच निकालानं दोघांनाही आपली कमाई, खर्च, मालमत्ता शपथेवर सांगायला लावलंय. तीन, पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे असावं, असं 1956 चा कायदा म्हणतो. पण सहावं लागलं की मूल आपोआप बापाचं, असं त्यात कुठेही नाही. तिथून पुढेही मुलाचं हित हीच कसोटी. आणि मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क, आईच्या सहीनं तो संपत नाही. चार, माहेरानं आणि सासरानं घातलेले दागिने हे स्त्रीधन. ते सासरच्या कपाटात असले तरी मालकी तिचीच, हे 1985 सालीच ठरलेलं आहे.

भाषेचंही सांगते. आमच्या कडगंचीला गुरुचरित्र लिहिणारे सरस्वती गंगाधर होऊन गेले. कानडी मुलखात राहून त्यांनी मराठी ग्रंथ केला, म्हणून गावाला दोन भाषांची सवय जुनी. कोर्टाचा कागद मात्र कानडीत नाहीतर इंग्रजीत. मराठी शाळेत शिकलेल्या मुलीनं त्याच्यावर सही करायची कशी? वकीलबाईंनी अर्जातली ओळ न् ओळ तिला मराठीत समजावली. दोन ठिकाणी ती म्हणाली, "असं झालं नव्हतं." ती वाक्यं त्यांनी खोडली. माझ्या मते चांगल्या वकिलाची पारख हीच. घडलं त्याहून जास्त लिहू देत नाही, आणि हक्काचं आहे त्याहून कमीवर सही करू देत नाही.

पैशांचं बोलायला लाजू नका. एकूण फी किती, तारखेगणिक वेगळं द्यायचं का, टायपिंग आणि कोर्ट फी त्यात धरली का, हे आधी विचारा आणि पावती मागा. मिळालेल्या पोटगीत वकिलानं टक्केवारी ठरवायची नसते, बार कौन्सिलचा नियम तसा आहे. फी राहिली म्हणून तुमचे कागद अडवून ठेवायचा अधिकारही त्याला नाही, हे 2000 सालच्या निकालानं सांगितलंय. तरी मूळ कागद आपल्यापाशी ठेवा, त्याला झेरॉक्स द्या. हातात पैसा नसेल तर 1987 च्या कायद्यानं बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, तिची कमाई कितीही असो. कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते, फोन 15100. आणि वकील लावला की आपलं काम संपलं असं समजू नका. कुटुंब न्यायालयात वकील हा आपसूक हक्क नाही, न्यायाधीश तुमच्याशीच बोलू पाहतात. आपली हकिगत आपल्याला तोंडपाठ हवी.

अर्ज लागल्यावर सासरची मंडळी पुन्हा बोलायला आली. पंच तेच, बैठक तीच. या खेपेला मात्र पोरगी स्वतः बोलली. शेवटी दोघांच्या संमतीनं घटस्फोट झाला. संमतीच्या अर्जानंतर सहसा सहा महिने थांबावं लागतं, आणि हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते. ती म्हणाली, "ते सहा महिने बरे होते. रोज सकाळी विचारायचे स्वतःला, अजून हेच हवंय ना? हवं होतं." मुलगा तिच्याकडे, सुट्टीत बापाकडे. दागिने परत आले, त्यातली एक पाटली आली नाही. ती तिनं सोडली. तो तिचा त्याग, कारण मागायचा हक्क हातात ठेवून सोडली.

पुढच्या क्षमावाणीला तिनं सासूला फोन केला. पलीकडून त्याही रडल्या. यातलं काहीच कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.