तिसावा डबा

बँकेतल्या माणसांना मराठी येत नाही, असा समाजात एक समज आहे. तो मी गेल्या वर्षी खोटा पाडला. मराठी भाषा पंधरवड्यात आमच्या कार्यालयात 'ग्राहकांना पाठवायच्या सूचनांचे मराठीकरण' अशी स्पर्धा झाली आणि तीत मला दुसरं बक्षीस मिळालं. (पहिलं कुणालाच दिलं नव्हतं. म्हणजे दर्जा काय असेल पाहा!) बक्षीस म्हणजे झाकणाचा स्टीलचा डबा. फणसवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत आधीचे एकोणतीस डबे सुखानं नांदत होते. हा तिसावा आईनं ताब्यात घेतला.

माझं बक्षीसपात्र वाक्य असं होतं : 'आपल्या खात्यात विहित कालावधीत कोणताही व्यवहार न झाल्याने सदर खाते निष्क्रिय संवर्गात वर्ग करण्यात आले असून, पुनःसक्रियणार्थ ओळखसिद्धीची कागदपत्रे सादर करावीत.' दोन वर्षांहून जास्त काळ खातेदारानं देवघेव केली नाही की बँक ते खातं बाजूला काढते, एवढाच याचा अर्थ. पण इतक्या साध्या अर्थाला डबा कोण देणार?

गेल्या महिन्यात हिनं एक शोध लावला. आईची ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची महिन्याची पाकिटं दोन-दोन महिने पुरत होती. मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे मला आधी आनंदच झाला. मग कळलं, की आई रोज गोळी मोडून अर्धीच घेत होती.

"अर्ध्यानंही भागतं रे," आई म्हणाली. "उगाच खर्च."

खर्चाचा विषय घरात कुणी काढला नव्हता. शेवटी हिनं तिसावा डबा उघडला. आत दोन जायफळं, वडिलांचं घड्याळ आणि आमच्याच बँकेच्या गिरगावातल्या शाखेचं पत्र. पत्रात माझं वाक्य! काना-मात्रेचा फरक नाही.

वडिलांच्या मागे आलेल्या पैशांतले थोडे आईनं आम्हाला न सांगता तिथे ठेवले होते, नातीच्या लग्नासाठी. पत्र वाचून तिला वाटलं, आपण इतकी वर्षं काही हालचाल केली नाही, म्हणून बँकेनं पैसे घेतले. ते आता गोळ्यांतून भरून काढणं चाललं होतं.

"मला विचारायचं तरी!"

"तुला काय विचारू? इतकं शुद्ध लिहितात, ते काय चांगलं सांगायला?"

दुसऱ्या दिवशी डबा खायच्या वेळी (स्टीलचा नव्हे, पोळीभाजीचा) मी हे शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सांगितलं. तो नगरकडचा मराठी ख्रिस्ती. भाषांतर हा त्यांच्या घराण्याला लागलेला आजारच आहे. त्याचा पुतण्या बायकोमुलांसकट पापुआ न्यू गिनीत एका लहानशा भाषेत बायबल आणायच्या खटपटीत आहे. त्या देशात आठशेहून जास्त भाषा आहेत. इकडे काका-आत्या मिळून पगार-पेन्शनीतून त्या घराला हातभार लावतात. मला हा गृहस्थ जरा वेडाच वाटायचा. एवढ्या पैशात त्याचा फ्रिज झाला असता.

त्याची पणजी १८९७ च्या दुष्काळात पोरकी होऊन पंडिता रमाबाईंकडे केडगावला आली. तिथल्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकाच खिळे जुळवीत. पणजीही शिकली, आणि रमाबाईंनी केलेल्या बायबलची पानं तिच्या हाताखालून गेली.

रमाबाई म्हणजे कोण? १८७८ साली, वीस वर्षांच्या वयात, कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं ती बाई. १८८९ साली तिनं शारदा सदन उघडलं तेही आमच्या गिरगाव चौपाटीकडेच. आता, संस्कृत इतकं मुखोद्गत असलेल्या बाईनं मराठी केलं तर ते केवढं भारदस्त व्हावं! मला तर पहिलंच बक्षीस दिसत होतं. पण या बाईनं उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांच्याशी झटून मराठी लिहिलं, ते जेमतेम अक्षरओळख झालेल्या बायकांना कळावं म्हणून, साधं. आधीची मराठी बायबलं होतीच. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८११ साली नवा करार मोडीत छापला होता. ते मराठी मुंबईकडे चालेना, म्हणून १८१३ साली मुंबईत उतरलेल्या गॉर्डन हॉलनं आणि त्याच्या सोबत्यांनी पुन्हा पहिल्यापासून काम केलं. त्यांचा नवा करार १८२६ साली निघाला, आणि त्याच वर्षी हॉल पटकीनं गेला. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली गेली. रमाबाई तरीही काम करीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं.

"या लोकांना बक्षीस काय मिळतं?" मी विचारलं.

"पुतण्याकडे एक पद्धत आहे," तो म्हणाला. "मजकूर ज्यानं आधी ऐकलेला नाही अशा माणसाला वाचून दाखवायचा, आणि विचारायचं, 'आता तुम्ही सांगा, काय ऐकलंत?' तो चुकीचं बोलला, तर चूक त्याची नाही. वाक्य खोडायचं."

त्या रात्री मी कागद घेऊन आईसमोर बसलो. पहिला खर्डा ऐकून ती म्हणाली, "म्हणजे दंड आहे." खोडलं. दुसऱ्याला म्हणाली, "म्हणजे मी मेले असं धरलंय." खोडलं. बारा वर्षांत मी इतकी खाडाखोड लेजरात केली नाही. पाचव्या खेपेला वाचलं : 'तुमचे पैसे आमच्याकडे जसेच्या तसे आहेत. दोन वर्षांत तुम्ही पैसे भरले किंवा काढले नाहीत, म्हणून खातं थांबवलं आहे. तुमची ओळखपत्रं घेऊन या, ते पुन्हा चालू करू. त्याला पैसे पडत नाहीत.'

"आता तू सांग, काय ऐकलंस?"

आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पैसे आहेत."

ती उठली, फडताळातून गोळी काढली, आणि पाण्याबरोबर अख्खी घेतली.

"काय रे," पेला विसळता विसळता तिनं विचारलं, "हे असंच आधी लिहायला काय झालं होतं? कोण मेला बसून लिहितो ते तसलं?"

मी डब्याचं झाकण नीट बसतंय का ते पाहू लागलो.